हसू नकोस, नुसतं तोंड उघड

७ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद तुमच्याकडे अजून चालत असतील तर घे, नसतील तर बाजूला ठेव. फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हे पत्र. पत्र बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही आणि पोस्टमन अजून तुमच्या त्या आनंदाच्या कोर्सला गेलेला नाही.

तुझा शेवटचा निरोप मी जपून ठेवलाय, एखाद्याने विंचू बाटलीत ठेवावा तसा. "दादा, मी माझ्या आयुष्यातून नकारात्मक माणसं प्रेमाने बाजूला करते आहे. तुझ्याविषयी मनात फक्त कृतज्ञता आहे." आणि खाली एक पिवळं हसरं तोंड. अगं, सख्ख्या भावाला हाकलायचंय तर हाकल, पण शिव्या देऊन हाकल. आपल्या घरात तीच रीत आहे. आई आणि मावशी वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या, पण कशावरून ते दोघींनाही पक्कं माहीत होतं. "प्रेमाने बाजूला" म्हणजे काय? मी काय खुर्ची आहे?

मी कुरकुऱ्या आहे हे मला कुणी नव्याने सांगायला नको. उभा जन्म दुसऱ्यांचे दात करण्यात गेला. लॅबमध्ये दिवसभर प्लास्टरची धूळ, मेणाचा वास आणि दवाखान्यांचे फोन. कवळी सैल झाली, दात पिवळा दिसतोय, पेशंट म्हणतो हे माझे वाटतच नाहीत. माणसांच्या तोंडातून माझ्यापर्यंत आजवर फक्त तक्रारच आली, मी गोड कुठून होणार? तुझ्या नवऱ्याला हे कळत होतं. मास्तर दर शनिवारी यायचा, बुद्धिबळाचा डाव मांडायचा आणि जाताना म्हणायचा, "तुमच्याकडे येऊन गेलं की माझं आयुष्य फार बरं चाललंय असं वाटतं." मला काही तो फारसा आवडायचा नाही. घोडा हलवून परत घ्यायचा.

मास्तर गेला त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. शाळेच्या जिन्यावर गेला, हातात भूगोलाच्या नकाशाची गुंडाळी घेऊन, नववीच्या वर्गाकडे निघालेला असताना. हे तुला सांगायला नको. पण तुला कुणीतरी सांगायला हवं असं हल्ली वाटतं, म्हणून सांगितलं.

वहिनी विचारते आहे, घरी कधी येतेस. मी विचारत नाही.

दादा


२० फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही. मी काही वाट पाहत नव्हतो.

काल मी तुमच्या त्या हॉलमध्ये होतो. त्या बाजूला काम होतं, सहज डोकावलो. (वहिनी शेजारी बसून म्हणते आहे, "लिहा की, इस्त्रीचा शर्ट घालून, तिकीट काढून गेलात.")

दारात एक मुलगी हसऱ्या तोंडाचे स्टिकर वाटत होती. मी ते खिशात टाकलं तर म्हणाली, "काका, मनापासून लावा." त्याला मागे गोंद होता, मन कशाला लागतं? आत सगळीकडे पिवळे फुगे. मग स्टेजवर तुझी ती गोडबोली आली. तिला नाव असणारच, पण ती इतकं गोड बोलते की नाव ऐकू येत नाही. म्हणाली, शेजाऱ्याकडे वळा आणि एक मिनिट नुसतं हसत राहा. माझा शेजारी एक जाडे गृहस्थ. वरची कवळी त्या दुसऱ्या लॅबची, बघताक्षणी कळलं. पट्टी धरून लावलेले दात, बाहुलीच्या गुलाबी हिरड्या. ते बिचारे हसले की कवळी खाली घसरायची, मग ते जिभेने ती वर ढकलायचे आणि पुन्हा हसायचे. 

मग ते "उलटवणं". हे तुम्ही रोज सकाळी करता म्हणे. आपली तक्रार सांगायची आणि सदरा आतून बाहेर करावा तशी ती उलटवून आभार मानायचे. एक बाई उठली. म्हणाली, "माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही." गोडबोली म्हणाली, "उलटवा." बाई चाचरली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला घरात शांतता मिळाली. मी आभारी आहे." टाळ्या! त्या बाईचा चेहरा मला दिसत होता. तू तर समोरच उभी होतीस, तुला जास्त स्पष्ट दिसला असेल.

आणि मग तू. मागे पडद्यावर मास्तरचा फोटो, नदीकाठचा. तो फोटो मी काढलाय. त्यात कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, तो तुम्ही कापलात. तू माईक धरून म्हणालीस, "माझा नवरा गेला. त्याचं जाणं ही आयुष्याने मला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे, कारण त्यामुळे मी मला सापडले." लोक उभे राहिले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ठमे, मास्तर मेला म्हणून.

मी बाहेर येऊन कुंडीत ओकलो. हे मी सजवून सांगत नाहीये. वहिनीने दिलेला चहा आणि दोन बिस्किटं, सगळं पडलं.

मला तुझी किळस आली. लिहून टाकतो, पोटात ठेवलं तर नासेल. गोडबोलीचं एक मी मान्य करतो, मास्तर गेल्यावर ती रोज तुझ्याकडे येत होती, तुझ्या शेजारी बसत होती, तुला जेवायला लावत होती. बाकीचे आम्ही सगळे दोन दिवस हळहळून आपापल्या घरी गेलो. पण बुडत्याला हात द्यायचा आणि मग तोच हात धरून स्टेजवर नाचवायचं, याला काय म्हणतात?

शेवटी जाहीर झालं की तू पुढच्या महिन्यापासून शहराबाहेरच्या त्या केंद्रात कायमची राहायला जाणार. घर सोडून, पूर्णवेळ आनंद शिकवायला. तिथे बाहेरची माणसं चालत नाहीत, म्हणजे माझ्यासारखी. एकदा गेलीस की तू मला परत मिळायची नाहीस, हे मला कळतं. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. घे, हे उलटवून दाखव.

दादा


६ मार्च

ठमे,

आज सकाळी दवाखान्यांतून नेहमीसारखे मापांचे डबे आले. एका डब्यात वरच्या आणि खालच्या दातांचं माप. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. मागच्या एका दाढेला कॅप आणि रात्री झोपताना दातांवर चढवायचं गार्ड, एवढं काम. मी मापात प्लास्टर ओतलं, वाळल्यावर साचा सोडवला, कडा घासल्या आणि सवयीने उजेडात धरला.

खालच्या पुढच्या दातांतला एक तिरपा, दाराआडून कुणी डोकावावं तसा. वरच्या सुळ्याचा टवका गेलेला, माझ्या सायकलवरून पडली होतीस तेव्हाचा. आणि टाळू आईची. आईची कवळी मीच केली होती. ती टाळू मी आंधळा झालो तरी बोटाने ओळखेन.

वर्षभरात तुझा चेहरा पाहिला तो एकदाच, लांबून, स्टेजवर. आज तू माझ्या तळहातावर होतीस.

आता ऐक. तुझ्या वयाच्या बाईच्या दाढांवर चढ-उतार असतात, खाचा असतात, अन्न दळायला लागतात त्या. तुझ्या दाढा ओट्यासारख्या सपाट झाल्या आहेत. डावीकडची एक उभी चिरली आहे. हे जेवून होत नाही. हे झोपेत होतं. दातावर दात ठेवून अंगातलं सगळं बळ लावून घासलं की होतं, आणि एका रात्रीत होत नाही. चिडलेल्या माणसाला आपण म्हणतो दातओठ खातोय. तू खरोखरच खाते आहेस.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. ही म्हण मला जो भेटेल तो ऐकवतो आणि वर हसतो, मला तिचा वीट आलाय. पण आज ती माझ्या हातात होती. दाखवायच्या दातांनी तू दिवसभर हसतेस आणि खायच्या दातांनी रात्रभर स्वतःला खातेस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारीही तूच.

त्या दिवशी तुझी किळस आली म्हणालो. ते शब्द मागे घेतो, पण किळस मागे घेत नाही. ती आता कुणाला द्यायची ते मला नीट कळलंय. जी विद्या माणसाला बायकोपण, बहीणपण, रडणं, भांडणं सगळं सोडायला लावते आणि त्याला सुख म्हणते, तिच्या तोंडावर मी थुंकतो.

प्लास्टर घासताना आज मास्क लावायचा राहिला. डोळ्यांत धूळ गेली. वहिनीने पाहिलं आणि ओला रुमाल आणून दिला.

दादा


१४ मार्च

ठमे,

मी डॉक्टरांना फोन केला. नंबर सांगितला आणि विचारलं, हा पेशंट कसा आहे. ते म्हणाले, "पेशंटबद्दल असं सांगता येत नाही, तुम्हाला माहितीये." मी म्हटलं, "पेशंट माझी बहीण आहे." मग म्हणाले, "त्या स्वतःच म्हणाल्या, काम तुमच्याच लॅबला द्या. म्हणाल्या, तिथला माणूस फार कुरकुरतो, पण त्याच्या हातून वाईट काम बाहेर जात नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. मी किती बावळट! लग्नाआधी तूच तर माझे डबे दवाखान्यांत पोचवायचीस. कोणत्या दवाखान्याचं काम माझ्याकडे येतं हे तुला पाठ आहे. तुझ्या घराखाली दातांचा दवाखाना असताना तू नदी ओलांडून, दोन बस बदलून या डॉक्टरांकडे गेलीस. माझ्याशी बोलायचं नाही असा तुमचा नियम. बोलली नाहीस. तोंडच पाठवून दिलंस.

वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच मातीचे. सरळ फोन करून 'मला बरं वाटत नाही' म्हणाल तर जीभ झडेल तुमची." मी म्हटलं, मी कधी बरं वाटत नाही म्हणत नाही का? रोज म्हणतो. ती म्हणाली, "गुडघ्याचं म्हणता. मास्तरांचं एकदा तरी म्हणालात?"

बायकांना काहीही बोलायला काय जातं.

गार्ड तयार आहे. कॅपचा रंग जुळवायचा आहे. आता मागच्या दाढेचा रंग कोण बघायला येतंय, पण मी डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला रंग जुळवायला लॅबमध्येच पाठवा. ते म्हणाले, "मागच्या दाढेसाठी?" मी म्हटलं, "मी फार काटेकोर आहे." ते हसले असावेत. त्यांनी दिवस ठरवून दिलाय. खिडकीपाशी उजेड चांगला असतो तेव्हा, दुपारी ये.

नियम मोडत नाही. तू भावाकडे येत नाहीयेस, लॅबमध्ये येते आहेस.

दादा


२३ मार्च

ठमे,

काल तू येऊन गेलीस. तरी लिहितोय, कारण काल बोलायचं होतं ते राहिलं.

दारात उभी राहिलीस. गळ्यात पिवळा रुमाल. "कसा आहेस, दादा? मी खूप छान आहे." वहिनीने तुला जवळ घेतलं तर तू तिची पाठ थोपटलीस, जणू तिचंच कुणी गेलंय. मी तुला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, रंगांच्या पट्ट्या काढल्या आणि रंगासाठी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो तेच सांगितलं, "हसू नकोस, नुसतं तोंड उघड."

तू तोंड उघडलंस आणि तू हसत होतीस.

मी म्हटलं, "हसू नकोस गं, गाल ताणले की आतला रंग बरोबर दिसत नाही."

"हसत नाहीये मी."

"हसते आहेस."

"नाही, दादा. खरंच नाही हसत."

मी तुला हातातला आरसा दिला. तू बघितलंस. बराच वेळ बघितलंस. दात दिसत होते, गाल वर गेलेले होते, आणि डोळे त्या हॉलमधल्या बाईचे. तू ओठ मिटायचा प्रयत्न केलास, ते पुन्हा तसेच फाकले. मग इतक्या हळू आवाजात म्हणालीस की वहिनीला ऐकू गेलं नसेल, "दादा, हे बंद कसं करायचं?"

मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. मला दातांचं कळतं, हसण्याचं काय कळतं? कवळीचं मेण गरम असताना अंगठ्याने दाबून बसवतात, तेवढंच मला येतं. म्हणून मी दोन्ही अंगठे तुझ्या ओठांच्या कोपऱ्यांवर ठेवले आणि खाली ओढले. आणि मग तो आवाज निघाला.

मास्तर गेला त्या दिवशी तू असा आवाज काढला नव्हतास. काढायला हवा होता. वहिनी नळ तसाच सोडून धावत आली. तू माझ्या एप्रनमध्ये तोंड खुपसून ओरडत होतीस, "संध्याकाळी येतो म्हणाला होता! येताना ब्रेड आणतो म्हणाला! इतका राग आलाय मला त्याचा! कुठे जाऊन मेला तो मेला!" वहिनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "दे, दे शिव्या, खूप दे." मी तुला धरून उभा राहिलो.

आणि मग तुझा फोन वाजला. कृतज्ञतेची वेळ झाली म्हणून वाजतो म्हणे, रोज, तीच पियानोची धून. तू एकदम उठलीस. तोंड धुतलंस, रुमाल नीट केलास आणि आम्हा दोघांना म्हणालीस, "खूप मोकळं वाटलं. या अनुभवासाठी मी तुमची आभारी आहे." आणि ते हसू पुन्हा जागेवर बसलं. रडून लाल झालेल्या डोळ्यांखाली, ओल्या गालांवर, खटकन.

मी खूप घाण पाहिलीय, ठमे. लोकांच्या तोंडात काय काय असतं ते माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. पण कालच्यासारखं ओंगळ काही पाहिलं नव्हतं.

आज तू केंद्रात गेलीस, असं वहिनीला तुझ्या शेजारणीकडून कळलं. आमच्याकडून गार्ड तेवढं नेलंस, कॅप राहिलीच. वापर. दुसरं काही देता आलं नाही मला.

दादा


११ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र मिळालं.

इतकं कुजकं, नासकं, तुसडं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नसेल. गादी पातळ आहे आणि मध्ये खड्डा आहे. चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. खोलीतली जोडीदारीण झोपेतही आभार मानते, आणि मोठ्याने मानते. सकाळी आरशासमोर हसायची जी खोली आहे तिला पायमोज्यांचा वास येतो. गोडबोली करुणेवर बोलताना टेबलाखाली नखं कापते. मी केलेलं गार्ड उजवीकडे टोचतं आणि असलं काम करून मी डॉक्टरांसमोर कसा उभा राहतो, याचं तुला नवल वाटतं. वहिनीने मागच्या थंडीत दिलेले लाडके जाड मोजे कुणीतरी पळवले. दाराला कडी नाही. शुक्रवारी गरम पाणी नाही. पानामागून पान नुसती किरकिर, आणि अक्षरही घाणेरडं.

मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता ही आपली वाटते."

शेवटचं पान मात्र मी तिच्या हातात दिलं, तिने स्वतः वाचलं. तू लिहिलंस की परवा स्टेजवर तुझी पाळी आली. मागे मास्तरचा फोटो. तू म्हणालीस, "माझा नवरा गेला." आणि पुढचं वाक्य येईना. सगळे वाट बघत होते. गोडबोली शेजारी येऊन हळूच म्हणाली, "उलटवा." ती पुन्हा म्हणाली, "उलटवा ना, तुम्हाला येतं." तेव्हा तू माईकमध्ये म्हणालीस, "नाही उलटत." एकही टाळी पडली नाही. तू खाली उतरून मागच्या ओळीत जाऊन बसलीस, आणि तिथे आधीच बसलेली कुणी बाई, जिचा मुलगा बोलत नाही तीच का गं ती, तिने तुझा हात धरला आणि सोडलाच नाही.

आणि मग ती शेवटची ओळ. "दादा, मला कसली देणगी नको होती. मला तो हवाय."

मलाही हवाय, ठमे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. शनिवार आला की मला अजून दुपारपासून कान दाराकडे ठेवायची खोड आहे. मी अजून त्याच्यावर चिडतो. मला बरं वाटत नाही. गुडघ्याचं नाही म्हणत.

आता यावर काय करायचं ते मला माहीत नाही. तुमच्यासारखे धडे माझ्याकडे नाहीत. तू इथे येशील, रडशील, चहाला नावं ठेवशील, मी तुझ्या रडण्याला नावं ठेवीन, वहिनी आपल्या दोघांना नावं ठेवील. दिवस जातील. कधी हसू आलंच तर येईल, त्याला बोलवायला मी काही जाणार नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येतोय. सामान बांधून ठेव. गोडबोलीबाईंना तू काहीएक सांगू नकोस, मी स्वतः सांगणार आहे. एवढा आनंद तरी मला मिळू दे.

दादा